पोरांपुरती वाट

“शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंग आखून उपयोग काय? इथं गाडी थांबवतंय कोण?” नगरपालिकेच्या इंजिनिअरसाहेबांनी हात झटकले, तशा शालनकाकू फणकाऱ्यानं उठल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत आळीतल्या बायका डबे घेऊन रस्त्यावर बसल्या. या कडेपासून त्या कडेपर्यंत रांगोळीच्या दोन ठसठशीत वेली उमटल्या, मधोमध पोरांपुरती वाट.

बातमी पालिकेत पोचलीच. साहेब तावातावानं जीपमधून आले, आणि रांगोळीपाशी जीप कचकन थांबली.

“अरे, घे ना पुढं!”

“रांगोळीवरनं? नको, साहेब,” म्हणत ड्रायव्हरनं कानाला हात लावला.

समोरून पोरं खिदळत रस्ता ओलांडू लागली. शालनकाकू जीपच्या खिडकीशी वाकल्या.

“थांबली की हो, साहेब! आणि तीसुद्धा तुमचीच.”