दुधी काच

"काच दुधी पाह्यजे, ठाकूर. आरपार दिसाले नको," बापूराव म्हणाला. "आन् पंगत बसाच्या आधी बसली पाह्यजे."

"त्यापरीस फळ्या ठोका ना, मालक. पुन्हा फुटाची कटकट नाही."

"फळ्या ठोकल्या तं पाहुने इचारतीन, काहून ठोकल्या. काचीले कोनी काही इचारत नाही."

गोविंदसिंगाने गोधडीत गुंडाळलेल्या काचा पाठीवरून उतरवल्या. कारंज्याहून इंझोरीपर्यंत तो त्या तान्ह्या लेकरासारख्या जपत आला होता. बापूरावचा मळा मोठा. वांग्या-मिरच्यांच्या गाड्या मानोऱ्याच्या बाजारात जायच्या. काचेची खिडकी असलेलं घर गावात हे एकच. साहेबाच्या डाकबंगल्यावर पाहिली म्हणून यानेही बसवून घेतली होती. घरात उजेड यावा म्हणून नव्हे, शेजाऱ्याचा जळफळाट व्हावा म्हणून.

टोपीखाली बापूरावचं डोकं तुळतुळीत केलेलं होतं, मिशीही नव्हती. अंगणात कढया चढल्या होत्या. घरात तेरवी आहे हे कोणी सांगायची गरज नव्हती.

"आत म्हातारी हाय, माही माय. डोकं फिरलं तिचं. बोलू नको तिच्यासंग." एवढं सांगून तो पाहुण्यांकडे गेला.

खिडकी मागच्या भिंतीला होती, शेजाऱ्याच्या उकिरड्यासमोर. काचेचे तुकडे बाहेर पडले होते, म्हणजे कोणी आतून फोडली होती. गजांच्या आत अंधार. गोविंदसिंग चौकटीत काच धरून ठेवणारं जुनं लुकण खरवडू लागला, तसं अंधारातून एक तोंड पुढे आलं.

"कोनत्या गावचा रे, बापा?"

तो खरवडतच राहिला.

"मुका हायेस, का तुले बी बापूनं शिकवून धाडलं?"

"कारंज्याचा, माय."

म्हातारीने डोळे मिटले. तेवढे दोन शब्द तिने घोटाघोटाने पिऊन घेतले.

"बारा-तेरा दिस झाले, माह्याशी कोनी बोललं नाही. ताट दाराखालून सरकवतेत आन् चालले जातेत. कुत्र्याले निदान हाड तरी म्हनतेत."

"काच तुमी फोडली?"

"तांब्यानं. कोनी तरी बसवाले येईन म्हनून फोडली. आला तू." ती हसली, आणि लगेच हसू गेलं. "वास कायचा येऊन राह्यला रे? बुंदीचा?"

"हो."

"कायले?"

गोविंदसिंगाचा हात थांबला. "तेरवी हाय ना, माय. तुमाले ठाऊक नाही?"

"कोनाची?"

त्यालाही ठाऊक नव्हतं. म्हातारीने दोन्ही हातांनी गज धरले.

"माही चतुरा किन्हीराजाले दिली हाय. तापानं फनफनली होती. मी तिच्याकडं जाईन म्हनलं, तवर ह्यायनं मले कोंडलं. तेच गेली काय रे?"

"कोंडलं काहून?"

"मानोऱ्याच्या बाजारातून येत होती. उन्हानं चक्कर येऊन पडली. मांगवाड्यातल्या हौसानं तिच्या गाडग्यातलं पानी पाजलं, म्हनून वाचली. पंच म्हनतेत, गोमूत पे, पाया पड, माफी माग. म्या म्हनलं, ज्या पान्यानं जीव राह्यला त्याची माफी कायची?"

हे पंच म्हणजे कोण, तर मांगवाड्यातली बाई खुरपायला चालते, तिच्या हाताच्या भाज्या बाजारात चालतात, आणि तिचं पाणी चालत नाही, ते. गोविंदसिंग असल्या पंचांना ओळखून होता. त्याच्या गावातही होते. खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून त्याने नवं लुकण केलं आणि काच उचलली.

गजांतून हात आला. त्याच्या मनगटाला धरून बसला.

"आज नको लावू. कोन गेलं ते समजू दे मले."

"मालक वरडतीन, माय. मी कामाचा मानूस."

"मंग तू इचार."

"जेवतानी इचारतो. जातानी इथून मोठ्यानं सांगून जातो."

"देवाची आन घे."

"आन."

मनगट सुटलं. गोविंदसिंगाने काच बसवली, बारीक चुका ठोकल्या आणि अंगठ्याने चारी बाजूंनी लुकण दाबलं. म्हातारीच्या तोंडाचा आधी पांढरट डाग झाला, मग डागही उरला नाही. आतून नखाची एक टिचकी ऐकू आली. त्याने बाहेरून एक मारली.

पंगत बसली. तो परगावचा, म्हणून त्याचं पान शेवटी, गोठ्याजवळ. बापूरावचा चुलता उकंडराव कढी वाढत आला.

"काका, किन्हीराजाची चतुरा कशी हाय?"

"तिले काय झालं? थे काय, बुंदी वाढून राह्यली."

गोविंदसिंगाने पाहिलं. निळ्या लुगड्यातली एक अशक्त बाई पंगतीत वाकत होती, पदराने सारखे डोळे पुसत होती. त्याचा जीव भांड्यात पडला. घास संपवायचा, हात धुवायचा आणि खिडकीशी जाऊन सांगायचं, एवढंच आता उरलं होतं.

"मंग तेरवी कोनाची, काका?"

"बापूच्या मायची. प्रयागबाईची."

घास हातातच राहिला. "पन थे तं..."

"हळू बोल." उकंडराव खाली वाकला. "पळसाच्या पानाचा पुतळा केला, नदीवर नेऊन जाळला. बापूनं डोकं भादरलं. पंच राजी झाले, घर जातीत राह्यलं." त्याने द्रोणात कढी ओतली. "मेल्या मानसाचा आवाज पंगतीत याले नको, म्हनून तं तुले बलावलं."