कपाटामागची पिन

भर दुपारी, नरडाण्याच्या आमच्या घरात, माझ्या नातीची मुलाखत होती. लॅपटॉपवरच. सपनाच्या पहिल्याच नोकरीसाठी.

एवढा महागाचा लॅपटॉप अन् त्याला भोक एकच! बनवणाऱ्याच्या घरी माणसं नसतील. त्या भोकात तिने अडॅप्टर खोचला, अडॅप्टरला मोबाईलच्या नेटची वायर, माईक आणि चार्जर. बॅटरी तर कधीच मेलेली. चार्जरची पिन कपाटामागच्या बोर्डात ढिली बसते, ती दाबून धरावी लागते.

"आजी, सुटली की लॅपटॉप बंद," सपना म्हणाली. मी कपाटामागे हात घालून बसले.

मुलाखत सुरू झाली आणि पंखा थांबला. लाईट गेली.

लॅपटॉप मात्र चालूच. साहेब विचारतोय, सपना बोलतेय. मला काही कळेना. मी पिन सोडली. तरी चालू.

बाहेर येऊन शेजारच्या भिकाला हटकलं, "काय रे, तुझ्याकडे लाईट शे का?"

"बठ्ठ्या गावात नही, अक्का." म्हणजे सगळ्या गावातच गेलेली.

मी परत फिरले. उंबऱ्यात पाय ठेवला, तेवढ्यात सपनाने माईकवर हात धरून, मान न वळवता विचारलं, "आजी, पिन धरेल शे ना?"

"धरेल शे!" कपाटामागून उत्तर आलं.

आवाज माझाच. तसाच खेकसणारा.

सपना हसली आणि पुन्हा साहेबाशी बोलू लागली.

जन्मात मी कोणापुढे गप्प बसले नाही. तिथे उंबऱ्यात तोंडावर पदर दाबून उभी राहिले. मी बोलले, आणि कपाटामागच्या तिने पिन सोडली तर?