ब्राइटनेस सात

"सात," नंदू मोठ्याने बोलला आणि त्याने कम्प्युटरची कळ दाबली. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला वनमालाने मॉनिटरमागे हात घातला आणि ब्राइटनेसचं बटण हळूच सातवर आणलं.

पडद्याचं तोंड नंदूकडे, पाठ तिच्याकडे. तिला दिसायचा तो नंदूचा चेहरा, हिरव्या उजेडात हळूहळू उजळणारा. अंधेरीच्या त्या गाळ्यात दुपारी पंखा घरघरायचा, सोल्डरिंगचा धूर तरंगायचा, आणि वनमालाला वाटायचं, बाई गं, हा माणूस आपणच लावतो आणि आपणच विझवतो.

सत्त्याऐंशी साल होतं. शेठला एका इस्पितळाची ऑर्डर मिळायची होती. मॉनिटर तिथे भिंतीवर उंच टांगणार; बटण फिरवायला रोज कोण चढणार? म्हणून खालच्या कम्प्युटरवरून सिरीयल वायरने हुकूम जायचा आणि वरचा उजेड कमीजास्त व्हायचा. हे जमवायचं काम नंदूचं. जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर दिवाळीआधी घरी. समोर बसून सोल्डरिंग करणाऱ्या वनमालालाही शेठने बजावून ठेवलं होतं, की हे काम झालं की तुझी रवानगी मुलुंडच्या पॅकिंगला.

सुरुवातीला मॉनिटर ढिम्म हलेना. एकदा शेठ स्वतःच येऊन उभा राहिला. नंदूने घाम पुसत हुकूम दिला, आणि त्याचा तो पडलेला चेहरा वनमालाला बघवेना. विचार न करता तिने बटण फिरवलं. शेठ खूश झाला. तेव्हापासून दोन महिने, रोजच्या चाचणीला, हेच चाललं होतं. हुकूम मोठ्याने बोलायची नंदूची सवय तिच्या पथ्यावर पडली.

तिला मनापासून लाज वाटायची. भांडुपला घरी भाकऱ्या थापताना ती ठरवायची, उद्या सांगून टाकू. दुसऱ्या दिवशी तो चेहरा उजळला की सांगणं राहून जायचं. तो तिला आवडत होता. त्याला माहीत नव्हतं, एवढंच.

मग इस्पितळाचे तीन साहेब आले. वनमाला आपल्या जागेवर बसायला निघाली, तर शेठने तिला चहा आणायला पिटाळलं. ती नंदूजवळ गेली.

"मी आल्याशिवाय सुरू नको करू रे. पाच मिनिटं थांब."

"जा गं तू," तो म्हणाला. "होईल."

ती पळत गेली, ट्रे घेऊन जवळजवळ पळतच आली. दारात पोचली तेव्हा नंदू "सात" म्हणत होता. वाट लागली, तिच्या मनात आलं.

पडदा उजळला.

"तीन." मंद झाला. "नऊ." साहेबांचे चेहरे हिरवेगार झाले. तिची खुर्ची रिकामीच होती.

सह्या झाल्या. शेठ साहेबांना सोडायला खाली गेला. वनमाला ट्रे ठेवून मॉनिटरमागे गेली. जुनी वायर काढून तिथे दुसरीच वायर लावलेली होती. तपासून पास झालेल्या वायरीला त्याच दिवशी तारखेची चिठ्ठी बांधायची, असा गाळ्याचा नियम होता. हिलाही चिठ्ठी होती. नंदू मान खाली घालून कीबोर्ड पुसत बसला होता, पुसलेलाच पुन्हा पुसत होता.

तिने चिठ्ठी उलटी केली. अक्षर त्याचंच होतं: 'चालते.' खाली तारीख होती, सात आठवड्यांपूर्वीची.