बानाबाईची तब्येत

हृदयाचं ऑपरेशन झालं आणि आदिनाथनं आईला वेरूळच्या घरी न नेता थेट चिकलठाण्याच्या आपल्या फ्लॅटवर आणून ठेवलं. बानाबाईचा सगळा जन्म मेंढरांमागं डोंगर तुडवण्यात गेलेला, पण डॉक्टर 'रोज चाला' म्हणाले तरी लेक काही तिला खाटेवरून खाली उतरू देईना!

तपासणीच्या दिवशी सिस्टरनं बानाबाईला विचारलं, "मावशी, चालताना दम लागतो का?"

"अजिबात नाय," आदिनाथ म्हणाला.

"छातीत दुखतं?"

"छे! एकदम ठणठणीत हाय ती." सांगताना त्याची छाती अशी फुगली, जणू ऑपरेशन त्यानंच केलंय.

बानाबाईनं तोंड उघडलं, तर म्हणतो कसा, "तू गप बस गं आई, तुला नाय कळत त्यातलं."

सिस्टरनं शेवटचा प्रश्न विचारला, "आत्ता जसं चाललंय, तसंच जन्मभर राहायचं म्हटलं, तर चालेल?"

"चालेल काय, पळेल!" आदिनाथ हसला.



बानाबाई पदर खोचून उठली, "मंग जन्मभर खाटंवर तू बस, मी निघाले माझ्या मेंढरांकडं!"