दस्त्याची साक्ष

“परवाना बंदुकीचा काढला होता, हातांचा नाही,” चहा ओतताना सुनंदाबाई पुटपुटल्या.

कुणीतरी गवा मारला होता. हवालदार तेली परवान्यांची यादी घेऊन घरोघरी फिरत होते. हल्ली बंदुकीचा दस्ताच धरणाऱ्या हाताची सगळी खबर ठाण्यात कळवायचा.

“माझीच गोळी,” शालीत हात गुंडाळून भिकाजी परब म्हणाले. “दोनशे पावलांवरून.”

तेलींच्या हातातल्या यंत्राच्या पडद्यावर भिकाजींच्या हाताची थरथरती रेघ होती. त्यांनी यंत्र हळूच पालथं ठेवलं. “आबा, नीट आठवा. तुरुंगात जावं लागेल.”

“जाईन. असा नेम गावात दुसऱ्या कुणाचा?”

भिकाजींसमोरचा चहा तसाच निवत होता.

“यांचे हात कापतात हो,” सुनंदाबाई म्हणाल्या. “दोन वर्षं मीच भरवतेय.”