पाण्यावरून आलेलं हसू

"परक्यानं बाळाचं कौतुक केलं, तर त्याला बाळाला हात लावायला सांग गं. नुसतं बघून गेला की दृष्ट लागते," असं नायेलीच्या सासूबाई, एउलालिया, बजावायच्या.

नायेली हसायची. "आई, आणि बोटीवरून येणाऱ्या प्रवाशांच्या शंभर हातांचे जंतू लागतील त्यांचं काय?"

"बरोबर. तुझ्या कॉलेजात दृष्ट शिकवत नसतील!"

आज मेक्सिकोतल्या प्रोग्रेसो बंदराच्या धक्क्याला मोठी प्रवासी बोट लागली होती. वारा छान सुटला होता, नायेलीच्या ठेल्यावरचे भरतकामाचे झगे भराभर खपत होते. ठेल्यामागच्या झोळीत तिची सात महिन्यांची लेक लूस झोपली होती. बोटीवरची एक म्हातारी तिच्याकडे बघतच राहिली. "किती गोड!" म्हणाली, पण हात पाठीमागे बांधलेलेच. नायेलीला उलट बरंच वाटलं.

संध्याकाळी बोट सुटली. नायेली समाधानानं उरलेल्या झग्यांच्या घड्या घालत होती. तेवढ्यात पाण्यावरून हसू आलं. शेवटी उचकी लागणारं, फक्त लूसच हसते तसं. बोट लांब गेली, तसं तेही बारीक होत गेलं.

मागे झोळी संथ हलतेय. मान वळवायचा नायेलीला धीर होत नाही. तुम्ही झोळीजवळच उभे आहात ना? जरा डोकावून सांगा हो, लूस आहे ना आत?