गुढीचा शेंडा

सॉल्ट लेकच्या आमच्या बाल्कनीत सकाळी उभारलेल्या गुढीचा फोटो मी संध्याकाळी स्टोरीवर टाकायला घेतला, तर तो आपोआप मोठा झाला आणि वरचा तांब्याच कापला गेला.

"आई, दोन बोटांच्या चिमटीत धरून लहान कर," पुण्याहून नूपुर फोनवर म्हणाली.

केला. बोटं उचलली की फोटो पुन्हा मोठा. साडी दिसायची, साखरेची माळ दिसायची, शेंडा तेवढा नाही.

"मग राहू दे ना तसाच!"

"बिनडोक्याची गुढी दाखवू लोकांना? समोरच्या बंगाली मित्रबाई दरवर्षी विचारतात, हे काय असतं म्हणून. अख्खीच दाखवणार मी."

तिचा फोन ठेवला आणि या वेळी बोटं स्क्रीनवर दाबूनच धरली. फोटो थरथरला, आकसला. तांब्या दिसला. वरून आलेल्या पाच बोटांनी तो घट्ट धरलेला होता.

आमच्या वर फक्त गच्ची आहे. तिला कुलूप असतं आणि किल्ली माझ्याकडे.

बाल्कनीत जाऊन वर पाहिलं. कोणी नव्हतं. सूर्य मावळायला आला होता आणि गुढी त्याआधी उतरवायची असते. मी कठड्याची दोरी सोडली, काठी दोन्ही हातांनी खाली ओढली. ती हलेना.

"सोड," मी वर बघून म्हणाले. "माझी गुढी आहे. मीच उतरवणार."

काठी हळूच वर सरकली. माझ्या टाचा फरशीवरून सुटल्या.

मी पकड आणखी घट्ट केली.